बिरोबाचा कौल आणि उजवा बेस

धंदा सोडण्याची माणसांची कारणं साधारणपणे मोठी असतात. कुणाच्या दुकानाला आग लागते, कुणाला भागीदार मिळतो. हनुमंत कोळपेचं कारण पाव इंचाचं होतं.

न्हावऱ्याच्या हायस्कूलच्या प्रवेश अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या शब्दांपुढं पाच चौकोन छापलेले होते : शेती, नोकरी, व्यापार, मजुरी आणि इतर. मुलीला, अंकिताला, पाचवीत घालायला हनुमंत गेला होता. साल दोन हजार पाच, मे महिना उजाडलेला, ऑफिसातला पंखा नुसता हजेरीपुरता फिरत होता.

“काय करता?” कारकुनानं विचारलं.

“डीजे आहे आपला. जय बिरोबा डिजिटल साऊंड.”

“शेती?”

“ती वडिलांच्या नावावर आहे.”

कारकुनाचं पेन शेतीवरून उठलं, नोकरीला आणि व्यापाराला वळसा घालून मजुरीवर घुटमळलं, हनुमंताच्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहून तिथूनही निघालं आणि शेवटच्या चौकोनात फुली मारून मोकळं झालं.

“इतर,” कारकून म्हणाला. रिपोर्ट वाचल्यावर डॉक्टर म्हणतात तसं.

हनुमंत बी.ए. होता. शिरूरच्या कॉलेजातून, इतिहास घेऊन, सेकंड क्लासात. पानिपतच्या पराभवाची कारणं त्याला अजून क्रमानं पाठ होती. सहा वर्षांत त्यानं शिरूर आणि दौंड तालुक्यांतली चारएकशे लग्नं वाजवली होती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी चार गावं त्याच्या तारखेवरून भांडायची. कवठे येमाईला एका वरातीत त्याच्या बेसनं एका किराणा दुकानाची काच गेली होती, तर दुकानदारानं भरपाई मागायची सोडून कार्ड मागून घेतलं होतं. मुलाचं लग्न होतं त्याच्या. हा सगळा इतिहास आता एका फुलीखाली गाडला गेला होता.

“तो फॉर्म राहू द्या,” हनुमंत म्हणाला. “दुसरा कोरा द्या. बदल होणार आहे.”

“कशात?”

“व्यवसायात.”

हे वाक्य त्यानं निव्वळ रागात टाकलं होतं. पण गावात वाक्य टाकलं की ते खाली पडत नाही. हनुमंत मोटारसायकलवरून वस्तीवर पोचला तेव्हा वाक्य चहा पिऊन बसलेलं होतं.

चहा पाजत होते शंकरराव. म्हणजे बायकोचे, साधनाचे, थोरले भाऊ, हनुमंताचे मेव्हणे. रांजणगावच्या एका कंपनीत ते सुपरवायझर होते, आणि मे महिन्यातही कंपनीचं निळं जाकीट घालून हिंडत. जाकिटाखाली माणूस उकडून निघत होता, पण जाकीट काढलं की नुसते शंकरराव उरायचे, आणि ते त्यांना परवडणारं नव्हतं.

“दाजी, योग बघा,” शंकरराव म्हणाले. “आमच्या स्टोअरला माणूस पाहिजे. मी तुमचं नाव टाकलंय. सोळा तारखेला, सोमवारी, जॉइन व्हायचं.”

“काम काय?”

“काय न्हाई. आलेला माल लिहायचा, गेलेला माल लिहायचा. एसी हाय. एकदम शांत.”

‘शांत’ हा शब्द हनुमंताला जरा टोचला. त्यानं बायकोकडं पाहिलं. साधना भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमचं तुम्ही ठरवा.”

लग्न झालेल्या वाचकांना या वाक्याचं वजन सांगायला नको. यात निर्णय पक्का झालेला असतो. तो कोणता, एवढंच नवऱ्यानं ओळखायचं असतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या सोजराबाईंचं मत सर्वांत स्पष्ट होतं. हनुमंताचा टेम्पो त्यांच्या गोठ्याला लागून उभा राहायचा आणि रोज संध्याकाळी हनुमंत सिस्टिम तपासून बघायचा. “सोड बाबा ते,” सोजराबाई म्हणाल्या. “म्हस माझी कावरीबावरी होती. परवा तर तुझं ते धडाम झालं आन् तिनं बादलीत पाय घातला.” टेम्पोचा ड्रायव्हर दगडोबा पन्नाशीचा होता, पूर्वी उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याचं मत उलटं होतं. “मालक, ऊस वाहिला तर कोण नाचतं का पुढं? हितं मी गाडी पहिल्या गेरात घालतो आन् पाचशे माणूस पुढं नाचतं. ही इज्जत सोडून त्या कंपनीच्या बसमदी खिडकीला बसायचं?”

राहिले आबा.

आबा म्हणजे हनुमंताचे वडील. सत्तरी ओलांडलेली. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणाच्या तोंडापर्यंत जाऊन आलेले. मेंढरं विकली, दोन एकर ऊस आला, पण आबांची खरी ख्याती ढोलाची. बिरोबाच्या यात्रेत आबांचा ढोल घुमला की पलीकडच्या गावातली माणसं जेवण टाकून यायची म्हणत. मग नव्व्याण्णव साली हनुमंतानं डीजे आणला, आणि ढोल मधल्या घरात खुंटीला गेला. त्या दिवसापासून आबांनी डीजेचं नाव घेतलं नाही. ‘ते आलं का?’, ‘त्याला झाकलं का?’ असं सूनबाई नवऱ्याबद्दल बोलते तसं ते टेम्पोबद्दल बोलत. संध्याकाळी हनुमंत सिस्टिम तपासायला लागला की आबा ओट्यावर टेम्पोकडं पाठ करून बसत आणि उसाकडं बघत. सहा वर्षं हनुमंत ती पाठ बघत होता. वडिलांचं तोंड कसं दिसतं ते माणूस विसरेल, पण त्या पाठीवरचा बंडीचा टाका न् टाका त्याला माहीत होता.

वास्तविक तपासण्याची गरजही खरीच होती. गेल्या पावसाळ्यापासून आवाजात कुठंतरी एक ‘खर्र’ शिरली होती. जोराच्या ठेक्याला, भाकरीत खडा लागावा तशी ती मधेच लागायची. दौंडच्या मेकॅनिकनं वायरी बदलल्या. शिरूरच्या मेकॅनिकनं दौंडच्या वायरी काढून टाकल्या आणि जनरेटरवर संशय घेतला. तिसऱ्यानं टेम्पोचा पत्रा वाजतो असं निदान केलं आणि खाली गोणपाट घातलं. खर्र आपली जागच्या जागी.

“आबा,” हनुमंत त्या पाठीला म्हणाला, “शंकरराव नोकरीचं म्हणतात. काय करू?”

पाठ बराच वेळ तंबाखू मळत राहिली. मग म्हणाली, “मला काय इचारतो? बिरोबाला इचार. कौल लाव.”

कौल ही गोष्ट बाहेरच्या माणसाला थोडी समजावून सांगितली पाहिजे. वस्तीच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला बिरोबाचं पत्र्याचं देऊळ आहे. आत शेंदराची शिळा. पुजारी म्हाकूमामा कण्हेरीची दोन फुलं पाण्यात बुडवून शिळेच्या दोन खांद्यांना चिकटवतात. मग प्रश्न विचारायचा आणि बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर ‘होय’, डावं पडलं तर ‘नाही’. एवढं सोपं आहे.

अडचण एवढीच की शिळा उजव्या अंगाला जरा फुगीर आहे. त्यामुळं गेल्या तीन पिढ्यांत बिरोबानं बहुतेक प्रश्नांना ‘होय’ म्हटलेलं आहे. वस्तीवरच्या निम्म्या सोयरिकी आणि दोन विहिरी याच फुगवट्यावर उभ्या आहेत. त्यांतल्या एका विहिरीला पाणीही लागलं. म्हणून कौल लावताना वस्तीवर खरं भांडण उत्तरावरून होत नाही, प्रश्नाच्या मांडणीवरून होतं.

“‘सोडू का?’ असं इचारायचं,” शंकरराव म्हणाले.

“का म्हणून? ‘ठेवू का?’ असं इचारा की!” दगडोबा उसळला.

दोन तट पडले. सोडू-पक्षाकडं सोजराबाई आणि त्यांची म्हैस होती. ठेवू-पक्षाकडं दगडोबा आणि सगळी अविवाहित मंडळी. दगडोबानं मुद्दा काढला की टेम्पोवर ‘जय बिरोबा’ असं रंगवलेलं आहे, तेव्हा देव स्वतःचं नाव पुसायला सांगेल काय? त्यावर शंकररावांनी, कंपनीत मिटिंगा केलेल्या माणसाच्या सराईतपणानं, उलट हरकत घेतली : मग देव या प्रकरणात पार्टी झाला, त्यानं निकाल द्यावा का, हाच प्रश्न आहे. यावर म्हाकूमामांनी देवाच्या वतीनं अपमान करून घेतला. सगळे अर्धा तास त्यांची समजूत घालत होते.

शेवटी आबाच म्हणाले, “‘हणमानं हे सोडावं का?’ असं इचारा.”

सोडू-पक्ष खूश झाला. म्हाताऱ्याच्या मनात काय आहे ते आता उघड झालं, असं सगळ्यांनी एकमेकांना डोळ्यांनी सांगितलं. हनुमंतानं फक्त पाठीकडं पाहिलं. त्याला आतून कुठंतरी लागलं. वास्तविक त्याला स्वतःलाच सोडायचं होतं. पण आपण सोडणं वेगळं आणि बापानं सोडावं असं म्हणणं वेगळं.

आठ तारखेच्या रविवारी सकाळी साडेनवाला फुलं लागली. बाहेर पन्नास-साठ माणसं बसली. साडेदहा झाले. फुलं ढिम्म. अकरा झाले. “देव इचार करतोय,” म्हाकूमामा म्हणाले. शंकररावांची सेकंड शिफ्ट होती. ते घड्याळाकडं आणि देवाकडं आळीपाळीनं, एकाच नजरेनं बघायला लागले.

पावणेबाराला रस्त्यानं दौंडकडचा एक डीजे गेला. कुठल्याशा लग्नाला चालला होता, वाटेतच हौसेनं सुरू केला होता. देवळाचा पत्रा थरथरला. समईची ज्योत दचकली. उजवं फूल एकदा हललं, दुसऱ्यांदा हललं, आणि तिसऱ्या ठेक्याला बरोबर समेवर खाली आलं.

“होय! सोडायचं!” म्हाकूमामा ओरडले. शंकररावांनी हनुमंताला मिठी मारली आणि लगेच बस गाठायला पळाले.

“थांबा,” हनुमंत म्हणाला. “हा कौल नाही. हा बेस आहे.”

उठू लागलेले सगळे परत खाली बसले.

“अठरा इंची आहे, दोन पेट्या,” हनुमंत म्हणाला. सहा वर्षांचा अनुभव बोलत होता. “त्यानं पत्रा हलला, पत्र्यानं भिंत हलली, भिंतीनं देव हलला. फूल त्यानं पाडलं.”

“पर त्याला नेमका ह्याच टायमाला कुणी धाडला?” म्हाकूमामांनी विचारलं. “द्येवानंच की!”

“देवाला धाडायचाच असता तर चांगला धाडला असता! मामा, फाटका बेस होता हो तो. नुसता भ्या-भ्या करत होता. माझा धंदा बंद करायचाय ना? करा. पण असल्या बेसनं?”

हनुमंताचं दुःख तिथं फारसं कुणाला कळलं नाही. पण प्रश्न धर्माचा झाला होता, आणि धर्माचा प्रश्न वस्तीवर तडजोडीनंच सुटतो. ठरलं ते असं : पुढच्या रविवारी पुन्हा फुलं लावायची. त्या वेळी ऐकू येईल एवढ्या टप्प्यात कसलंही यंत्र वाजता कामा नये. तोवर ‘जय बिरोबा’ही बंद, कौल घोळात असताना वाजवणं बरं नाही.

“आन् ढोल?” आबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सोडता सोडता विचारलं.

“ढोलाला कोण अडवतंय? ढोल त्याचाच, बिरोबाचा,” म्हाकूमामा म्हणाले, आणि सगळे उठले.

घरी आल्यावर साधनानं कॅलेंडर पुढं धरलं. पंधरा तारीख, रविवार. सोजराबाईंच्या मायाचं लग्न. मुहूर्त बारा पस्तीस. नवरदेवाचा परण्या मारुतीपासून वाजतगाजत मांडवाकडं येणार तो बिरोबावरूनच. दुसरा रस्ताच नाही. आणि वाजवणार ‘जय बिरोबा डिजिटल साऊंड, न्हावरे’. सुपारी हनुमंतानं दिवाळीतच घेतलेली.

“माज्या लेकीचं लगीन मुक्यानं लावायचं व्हय रं?” सोजराबाई कडाडल्या. डीजे सोड म्हणणाऱ्या त्या याच बाई. पण स्वतःच्या मांडवात तत्त्वं आणायची नसतात. शेवटी दहाला फुलं लावू, अकरापर्यंत देव मोकळा होईल, मग खुशाल वाजवू, असं ठरलं. प्रश्न राहिला इतरांचा. पंधरा तारीख मोठी तीथ. रस्त्यानं दिवसभर कुणी ना कुणी वाजवत जाणार. ते थांबवायचं तर पोलीस स्टेशन.

हवालदार ओळखीचे होते. दर सीझनला हनुमंत त्यांच्याकडून ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्यायचा. त्यांनी सवयीनं फॉर्म काढला.

“तारीख?”

“आजपासून पंधराला कौल होईपर्यंत. पण साहेब, वाजवायची नको, न वाजवायची परवानगी पाहिजे.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे?”

हनुमंतानं सगळं सांगितलं. हवालदारांनी दोन ड्रॉवर उपसले. “आवाजाचा फॉर्म आहे. शांततेचा नाही,” ते म्हणाले. “शांतता भंग झाली तर आमच्याकडं कलम आहे. पण आधीच शांतता पाहिजे म्हणणारा अजून कुणी आला नाही. बरं, आवाज होण्याची भीती कुणाकडून आहे? नाव पाहिजे. नावाशिवाय अर्ज घेता येत नाही.”

हनुमंतानं विचार केला. त्या दिवशी त्या रस्त्यावर नक्की कोण वाजवणार, हे त्याला एकाच डीजेबद्दल छातीठोक सांगता येत होतं.

“जय बिरोबा डिजिटल साऊंड,” तो म्हणाला.

“ते तुमचंच ना?”

“हो.”

हवालदारांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग त्यांना कायदेशीर मार्ग सापडला. “द्या अर्ज स्वतःविरुद्ध. त्याच्यावर आम्ही तुम्हाला नोटीस देतो. नोटिशीत ‘व इतर’ घालतो, म्हणजे बाकीचे पण आले.”

इथंही ‘इतर’! पण आता हनुमंताला त्याची सवय व्हायला लागली होती. त्यानं अर्जदार म्हणून सही केली, खुर्ची बदलली, आणि गैरअर्जदार म्हणून नोटीस घेतल्याची सही केली. “गैरअर्जदाराला समज द्यायची पद्धत आहे,” हवालदार म्हणाले आणि ‘लग्नांवर पोट असलेली माणसं तुम्ही, कशाला भानगडीत पडता?’ अशी थोडक्यात समज दिली. मग अर्जदाराला चहा पाजला.

तो आठवडा वस्तीवर फार विचित्र गेला. संध्याकाळ झाली की काहीतरी व्हायचं राहिलंय असं सगळ्यांना वाटायचं. पोरं टेम्पोभोवती फिरून जायची. आबा ओट्यावर सवयीनं पाठ करून बसायचे, आणि पाठ करायला तिकडं काही वाजत नाही हे लक्षात आल्यावर उगाच उठून उसाला पाणी बघायला जायचे. गुरुवारी सोजराबाई पदर तोंडाला लावून हळूच आल्या.

“हणमंता, जरा लावतोस का रं? हळू. गोठ्यापुरतं.”

“का हो मावशी?”

“म्हस पान्हवंना. चार दिस झाले. धारंला बसलं की मान वळवून टेम्पोकडं बघती.”

नोटीस असल्यामुळं लावता येत नाही, असं हनुमंतानं सांगितलं. “कुणी दिली मेल्यानं नोटीस?” सोजराबाईंनी विचारलं. अर्जदारानं मान खाली घातली.

पंधरा तारखेला दहाला फुलं लागली. हनुमंत देवापुढं मांडी घालून बसला. शंकरराव आज सुट्टी घेऊन आले होते, जाकिटासकट. अकरा झाले. साडेअकरा झाले. फुलं अशी चिकटली होती की जणू शिळेलाच उमलली आहेत. नोटिशीचा धाक म्हणा, रस्त्यावर खरंच कुणी वाजवत नव्हतं.

पावणेबाराला मारुतीपासून परण्या निघाला आणि देवळाअलीकडं येऊन अडला. नवरदेव दौंड तालुक्यातला. घोडीवर बसून, मुंडावळ्यांतून घाम पुशीत. पुढं टेम्पो मुका उभा. मुक्या टेम्पोमागून नवरदेव न्यायचा म्हणजे काय! वऱ्हाड हलेना.

“ओ डीजेवाले!” नवरदेवाचा मामा ओरडला. “वाळला की नवरदेव! लावा!”

दगडोबानं काचेला चिकटवलेली नोटीस दाखवली. “अर्ज हाय आमच्यावर.”

“कुणाचा?”

“मालकाचाच.”

मामा दौंडचा असला तरी एवढं त्याच्याही आवाक्याबाहेरचं होतं. तो घोडीचा लगाम धरून नुसता उभा राहिला. देवळात हनुमंताला सगळं ऐकू येत होतं. उठावं तर कौल मोडतो, बसावं तर लग्न मोडतं. बारा वाजले. बारा पाच. शंकरराव कानाशी लागले, “दाजी, उजवं जरा हललं बघा. आत्ता पडतंय.” हनुमंतानं फुलाकडं पाहिलं. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याला ते पडायला नको आहे. एसी नको, जाकीट नको, तो शांतपणा तर नकोच. पण आता सांगणार कुणाला? प्रश्न देवाकडं गेलेला. आणि खाली बाप बसलेला, ‘सोडावं का’ म्हणणारा.

त्यानं वळून पाहिलं तर आबांची जागा रिकामी.

पाच मिनिटांनी आबा आले ते ढोल गळ्यात घालून. सहा वर्षांची धूळ पुसलेली, दोऱ्या ताणून आवळलेल्या. कुणाशी न बोलता ते देवापुढं उभे राहिले, एकवार डोळे मिटले, आणि ढोलावर टिपरू पडलं.

ढोल म्हातारा होत नाही. पहिल्या घुमाऱ्याला पत्र्यावरची पाखरं उडाली. दुसऱ्याला परण्यातली माणसं देवळाकडं वळली. आबा वाकले, उठले, एका पायावर गिरकी घेतली. सत्तरीचे गुडघे आज ओट्यावर ठेवून आल्यासारखे. बाहेर दौंडकरांनी मुंडाशी सोडून हातात घेतली आणि नाचायला सुरुवात केली. घोडी आपली आपण दोन पावलं पुढं आली.

हनुमंत मात्र ढोलाकडं बघत होता. वाजवता वाजवता आबा डावीकडं सरकत होते. अर्धं पाऊल, पाव पाऊल. मग ते असे वळले की ढोलाचं जाड अंग, घुमाऱ्याचं, थेट शिळेच्या डाव्या खांद्यासमोर आलं, वीतभर अंतरावर. तिथं ते थांबले. आणि तिथं उभं राहून त्यांनी जे तीन ठोके दिले ते नाचणाऱ्यांसाठी नव्हते.

डावं फूल पडलं.

“नाही!” म्हाकूमामा ओरडले. “सोडायचं नाही!”

“हरकत!” शंकरराव उभे राहिले. “ढोलानं पाडलं ते! सगळ्यांनी बघितलंय!”

“ढोल त्याचाच,” म्हाकूमामा म्हणाले. “मागच्या ऐतवारी ठरलंय. तुमी बसला पळत गेला व्हता, त्याला द्येव काय करणार?”

हनुमंत इतिहासाचा पदवीधर होता, तक्रारीतला अर्जदार होता, आणि बेसनं पडलेलं फूल ग्राह्य नाही हा सिद्धांत त्यानंच मांडलेला होता. हरकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा. तो हक्क त्यानं तिथंच सोडला. तो बाहेर पळाला, टेम्पोवर चढला आणि दगडोबाला म्हणाला, “सोड आवाज!”

माया आणि तिचा नवरा यांचं लग्न बारा पस्तीसच्या मुहूर्तावर एक वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे इकडच्या मानानं वेळेतच, लागलं. सोजराबाईंच्या म्हशीनं संध्याकाळी दोन वेळचं दूध दिलं.

जेवणं उरकल्यावर आबा लिंबाखाली ढोल मांडीशी घेऊन बसले होते. हनुमंत शेजारी जाऊन बसला.

“आबा, फूल तुम्ही पाडलंत.”

“द्येवानं पाडलं.”

“मी बघितलं.”

“मग बघितलंस तर इचारतो कशाला?”

“पण तुम्हाला ते आवडत नाही ना?” हनुमंत म्हणाला. “सहा वर्षं पाठ करून बसता.”

“न्हाईच आवडत. लई वंगाळ हाय ते. काळजात घुसतं न इचारता.” आबांनी ढोलाची दोरी सैल केली. “पर मेंढरं गेली. घोडं गेलं. घोंगडी बाजारातनं इकत आणाया लागलो. कोळप्याच्या घरात वाजवणं तेवढं ऱ्हायलंय. त्ये कंपनीत लिवायला बसलं तर मग ऱ्हायलं काय?”

“मग ‘सोडावं का’ असं का विचारायला लावलंत?”

“तुज्या मेव्हण्यानं दुसरं इचारू दिलं असतं व्हय?” आबा म्हणाले. “आन् पाठीचं म्हणशील, तर ढोल ऐकताना वाजवणाराच्या तोंडाकडं बघायचं नसतं. तोंड बघितलं की कान फसतो. तुजी ती उजवीकडची पेटी हाय का, तिचं कातडं कडंनं सुटलंय. निमगावच्या लग्नात भिजवून आणलीस, तवापासनं खर्र करतंय. पत्र्याखाली गोणपाट घालून कुठं कातडं ताणतं का, येड्या?”

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी कंपनीची बस वस्तीवरून गेली. शंकररावांनी खिडकीतून हात केला नाही. हनुमंतानं उजव्या बेसची जाळी काढली होती. पडदा कडेनं बोटभर सुटलेला होता, नेमका सांगितला तिथं. शेजारी आबा बसले होते, टेम्पोकडं तोंड करून, आणि कुठं किती डिंक लावायचा ते सांगत होते.

जूनमध्ये पोलीस स्टेशनचं एक पत्र आलं : अर्जदार व गैरअर्जदार यांनी आपसात समझोता केला असल्यास दोघांनी समक्ष हजर राहून तसं कळवावं. हनुमंत एकटाच गेला.

हायस्कूलचा कोरा फॉर्म त्यानं शाळा उघडायच्या आदल्या दिवशी भरला. ‘वडिलांचा व्यवसाय’ पुढचे पाचही चौकोन मोकळे सोडले आणि खाली, बी.ए.च्या अक्षरात, लिहिलं : वडिलोपार्जित.

फॉर्म घेऊन अंकिताच ऑफिसात गेली. कारकुनानं तो शब्द दोनदा वाचला.

“वडिलोपार्जित म्हणजे काय गं? शेती का?”

“न्हाई सर,” अंकिता म्हणाली. “आवाज.”